भरती साडेपाच तास उशिरा

दादाचा मेसेज आला तेव्हा मी सोलापुरात सात रस्त्याला चहा पीत उभा होतो. एक फोटो, चिखलात एका कुशीवर कलंडलेली होडी, आणि खाली एकच ओळ, "तुझ्या प्रोग्रामप्रमाणे आत्ता पूर्ण भरती आहे."

पावणेसहा वाजले होते. प्रोग्रामने खरंच ५:४५ सांगितलेले.

मागचं थोडं सांगतो. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, उरणकडे खाडीतल्या एका जेट्टीच्या कामावर सर्व्हेचं बघतो. मी सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर करून देतो. समुद्राशी माझा संबंध म्हणजे वर्षा-दोन वर्षांतून एकदा सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई आणि वेळ उरला तर गिरगाव चौपाटीवर भेळ, बास. पाण्याची पातळी म्हणलं की आमच्याकडे उजनी, ती प्लस आहे का मायनस आहे एवढंच, आणि त्या आकड्यावर नळाला पाणी कितव्या दिवशी येणार ते ठरतं. पण दादाने जेट्टीच्या खांबाला एक प्रेशर सेन्सर बांधलेला, दर दहा मिनिटांनी एक आकडा, पस्तीस दिवस, म्हणजे ५०४० ओळी, आणि ती फाईल मला पाठवून म्हणाला तू कॉम्प्युटरवाला आहेस, यातून पुढच्या महिन्याची भरती-ओहोटी काढून दे, बार्ज, म्हणजे सामान नेणारी सपाट बोट, कधी लावायचा ते बघायचंय. मी हो म्हणून बसलो. आपल्याला नाही म्हणता येत नाही हा जुनाच रोग.

फाईल उघडली तर पहिला आकडा १२.८७. मी म्हणलं वा, तेरा मीटर पाणी. दादाला तसं बोललो तर तो फोनवर हसतच सुटला, अरे इथे उधाणाच्या भरतीला पण जेमतेम पाच मीटर असतं, तेरा कुठून आणतोस. मग कळलं की सेन्सर पाण्याचा दाब मोजतो पण पाण्याच्या डोक्यावर बसलेल्या हवेचा दाबही त्यातच धरतो. दाबाचं हे जे डेसिबार नावाचं माप आहे ते मोठं सोयीचं आहे, एक डेसिबार म्हणजे जवळपास एक मीटर समुद्राचं पाणी, आणि समुद्रकाठची नुसती हवाच दहा डेसिबारच्या वर भरते. म्हणजे १२.८७ मधून हवा वजा केली की खरं पाणी पावणेतीन मीटरच्या आसपास. ही हवा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता यातून भरतीचं मॉडेल कसं काढायचं. यासाठी पायथनमध्ये यूटाईड म्हणून एक फुकट पॅकेज आहे. मूळ मॅटलॅबमधलं, डॅनियल कोडिगा नावाच्या माणसाने २०११ मध्ये केलेलं, नंतर लोकांनी पायथनमध्ये आणलं. त्याच्या आधी टी-टाईड होतं, २००२ चं, आणि त्याच्याही मुळाशी कॅनडातल्या फोरमन यांचे १९७०च्या दशकातले फोर्ट्रान प्रोग्राम. वापरायला फार काही नाही, वेळेची एक यादी द्यायची, पाण्याच्या उंचीची एक यादी द्यायची, जागेचा अक्षांश सांगायचा, सॉल्व्ह म्हणायचं. तो आतल्या आत भरतीचे घटक सुटे करून देतो, प्रत्येकाची उंची किती आणि तो कुठल्या वेळेला माथ्यावर येतो ते. मग रिकन्स्ट्रक्टला पुढच्या तारखा दिल्या की बेरीज करून पातळी सांगतो.

घटक म्हणजे काय हे मला आमच्या गल्लीमुळे समजलं असं म्हणलं तरी चालेल. लहानपणी घरामागे शेड होती, त्यात यंत्रमाग. रात्री पडल्या पडल्या ऐकायचं, एका मागाची खटखट, दुसऱ्याची खटखट, दोघांचा वेग अगदी किंचित वेगळा. मधेच दोन्ही एकावर एक पडायचे आणि असा दणका की खिडकीची काच हलायची, मग हळूहळू एकमेकांपासून सुटत जायचे, एकाची खट दुसऱ्याच्या मधल्या जागेत, आवाज पातळ, आणि परत जवळ यायचे. समुद्रात हेच चालतं. चंद्राचा मुख्य माग १२.४२ तासांचा, त्याला एम-टू म्हणतात. सूर्याचा माग बरोबर १२ तासांचा, एस-टू. हे दोघं एकावर एक पडले की उधाणाची भरती, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, आणि सुटले की भांगाची, अष्टमीच्या आसपास. एका दणक्यापासून दुसऱ्या दणक्यापर्यंत १४.७७ दिवस. याशिवाय चंद्र कधी जवळ कधी लांब असतो त्याचा एन-टू, १२.६६ तासांचा, आणि दिवसातून एकदाच येणारे के-वन, ओ-वन वगैरे. शेडमध्ये दोन नाही, डझनावारी माग आहेत.

आणि मग यातूनच तो नियम आपोआप येतो जो सगळ्या मॅन्युअलमध्ये अवघड करून लिहिलाय. दोन माग आहेत हे नुसत्या कानाने ओळखायचं तर निदान एक पूर्ण फेरी ऐकायला पाहिजे, एकत्र-सुटे-एकत्र. दोनच मिनिटं ऐकलं तर एकच माग वाटेल. एम-टू आणि एस-टू सुटे करायला पंधरा दिवस पुरतात, एम-टू आणि एन-टूला साडेसत्तावीस दिवस लागतात, म्हणून तर दादाने महिन्याच्या वर नोंद घेतलेली, ते त्यांना माहीत असतं. पण एस-टूला चिकटून के-टू म्हणून एक आहे, आणि के-वनला चिकटून पी-वन, यांना वेगळं करायला १८२ दिवसांच्या वर लागतात. पस्तीस दिवसांच्या फाईलवर तुम्ही हट्टाने ते सगळे मागितले तर प्रोग्राम नाही म्हणत नाही, बिनधास्त काहीतरी आकडे देतो, एक घटक उगाच मोठा आणि दुसरा त्याच्या उलट दिशेने तेवढाच मोठा, बेरीज बरोबर पण दोन्ही खोटे. मी पहिल्यांदा तेच केलं, जास्त घटक म्हणजे जास्त अचूक असं समजून. त्याच्यावर सोडलं असतं तर त्याने नोंदीच्या लांबीवरून झेपतील तेवढेच निवडले असते.

नीट केल्यावर एम-टू सव्वा मीटरच्या आसपास आला, एस-टू अर्ध्या मीटरला थोडा कमी, के-वन चाळीसेक सेंटीमीटर. मुंबई बंदराच्या माहितीतल्या आकड्यांच्या जवळपास. मला लई भारी वाटलं.

तरी एक घटक खटकत होता. एम-फोर, सहा तास बारा मिनिटांचा. खोल समुद्रात तो जवळजवळ नसतोच, उथळ खाडीत तयार होतो, कारण भरतीचा माथा खोल पाण्यातून भरभर पुढे जातो आणि ओहोटीचा तळ गाळाला घासत मागे राहतो, मग लाटेचा आकार वाकडा होतो. खाडी आहे म्हणजे असणारच, पण एवढा मोठा? आलेख मोठा करून बघितला तेव्हा दिसलं. उधाणाच्या दिवसांत ओहोटीचा तळ गोल नव्हता, कात्रीने कापल्यासारखा सपाट. सेन्सर उघडा पडत होता! पाणी त्याच्याखाली गेलेलं आणि तो बिचारा नुसती हवा मोजत होता, आणि प्रोग्रामला काय माहीत, त्याला वाटलं समुद्रच असा सपाट होतो, मग तो सपाटपणा जुळवायला त्याने एम-फोर फुगवला. ते तास काढून टाकले, तिथे मोकळी जागा ठेवली. इथे यूटाईडचं एक बरं आहे, मधे भोकं असली तरी चालतं, कारण ते किमान-वर्ग पद्धतीने, म्हणजे फरकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी होईल अशी, रेषा बसवतं, त्याला आकडे सलग लागत नाहीत. परत चालवलं तर एम-फोर निम्म्याच्याही खाली.

मॉडेल मोजलेल्या आकड्यांवर टाकून बघितलं, तंतोतंत. दोन रेषा एकावर एक. मी खूश, दादाला पुढच्या महिन्याचं टेबल पाठवलं, खाली रुबाबात स्वतःचं नाव.

आणि मग ती होडी.

घरी येईपर्यंत डोकं भणभणत होतं. मॉडेल चूक असेल तर जुन्या आकड्यांवर एवढं छान बसलं कसं? रात्री जेवताना पण लक्ष नाही, भाकरी तशीच हातात, आई म्हणाली कुणाचं पेमेंट अडकलंय का. शेवटी अकराच्या सुमाराला सापडलं आणि मी कपाळ बडवून घेतलं. सेन्सरचं घड्याळ भारतीय वेळेवर लावलेलं. यूटाईड समजतो की वेळ ग्रीनिचची आहे. मी भारतीय वेळ तशीच दिली आणि जुन्या आकड्यांवर तपासताना पण तीच दिली, म्हणजे चूक दोन्हीकडे सारखी, म्हणून जुळलं. पुढच्या महिन्याचं टेबल करताना मात्र मी शहाणपणा करून तारखा ग्रीनिच वेळेत बनवल्या आणि छापताना साडेपाच तास मिळवले. म्हणजे जी भरती दुपारी सव्वाबाराला व्हायची ती मी पावणेसहाला सांगितली. आता गंमत बघा, भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तास बारा मिनिटं लागतात. साडेपाच तासांची चूक म्हणजे जवळजवळ बरोबर उलटं, भरतीच्या ठिकाणी ओहोटी. जगात वेळेची चूक करायला आपल्या टाईमझोनसारखा झोन नाही. एक तासाची चूक असती तर दादा म्हणाला असता जरा इकडेतिकडे होतंय.

दुसऱ्या दिवशी फोन करून कबूल केलं. दादा काही बोलला नाही, पण मागून त्यांच्या होडीवरच्या तांडेलकाकांचा आवाज आला, त्याला म्हणावं तिथीची पाऊणपट कर. मी म्हणलं काय? तर हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशोब. आज कुठली तिथी आहे बघायची, तिला पाऊणने गुणायचं, आली भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती. चतुर्थीला तीन. भिंतीवरचं कॅलेंडर आणि पाऊणकी, झालं. माझ्या टेबलात अष्टमीला साडेअकरा लिहिलेले. आमच्या घरी भिंतीवर तेच कॅलेंडर, मी तिथे नुसतं बघितलं असतं तरी कळलं असतं.

मी मग तो नियमच खोलून बघितला. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातला कोन, दर तिथीला १२ अंश. तीस तिथ्यांत ३६० अंश, म्हणजे चोवीस तासांचा फेरा. एका तिथीला २४ भागिले ३०, म्हणजे ०.८ तास, ४८ मिनिटं. काका घेतात ०.७५, म्हणजे ४५ मिनिटं. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा येतात आणि प्रत्यक्षात तिकडे बाराच्या आसपास होते, तीन-तीन मिनिटं साठून पाऊण तास. पण तोंडी गुणायला पाऊण सोपं, आणि होडी काढायची तर पाऊण तास इकडेतिकडे चालतो, बार्ज लावायचा तर नाही चालत. म्हणजे काकांकडे पण मॉडेलच आहे, निरीक्षणावरूनच बसवलेलं, फक्त त्यात एकच माग आहे. आणि टाईमझोनची चूक त्यात शक्यच नाही कारण सूर्य डोक्यावर आला की बारा!

असो. दुरुस्त टेबल पाठवलं, त्यावर काकांची पाऊणकी एका वेगळ्या कॉलममध्ये टाकली, कुठे एक तासापेक्षा जास्त फरक दिसला तर लाल. हे माझ्या मते सगळ्या प्रोग्राममध्ये पाहिजे, बिलिंगमध्ये पण. मशीनच्या उत्तराशेजारी एक अडाणी उत्तर ठेवायचं.

मित्र विचारतो, हे सगळं सॅटेलाईटवरून मिळत नाही का बे, तू कशाला करलालास. मिळतं. टीपीएक्सओ म्हणून अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठाचं मॉडेल आहे, फ्रान्सचं एफईएस आहे, सगळ्या जगाची भरती त्यात आहे. १९९२ मध्ये टोपेक्स-पोसायडन उपग्रह सोडला त्याने समुद्राची उंची मोजली, पण तो एका जागेवरून साधारण दहा दिवसांतून एकदा जायचा. बारा तासांची भरती दहा दिवसांतून एकदा बघून कशी कळणार? ट्यूबलाईटखाली पंखा बंद करताना मधेच पाती उलटी सावकाश फिरताना दिसतात ना, तसंच. दहा-दहा दिवसांनी बघितलं तर एम-टू ६२ दिवसांत एक फेरी घेतल्यासारखा दिसतो, आणि ६२ दिवस काय, वर्षानुवर्षं बघत राहिलं की तो पकडता येतो. डोकं आहे हां लोकांना. पण हे मॉडेल उघड्या समुद्रात चांगलं, उरणच्या मागच्या खाडीतला गाळ आणि वळणं त्याला दिसत नाहीत. तिथे खांबाला बांधलेला सेन्सरच पाहिजे.

आणि कॉम्प्युटर नव्हते तेव्हा? मुंबईच्या अपोलो बंदरची पातळीची नोंद १८७८ पासूनची आहे. आणि भारतातल्या बंदरांच्या भरतीचा हिशोब करायला १८७९ मध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांनी लंडनमध्ये एक यंत्र केलेलं, शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांच्या कल्पनेवरचं. प्रत्येक घटकाला एक चाक, प्रत्येक चाकाचा वेग त्या घटकाप्रमाणे, चाकाबरोबर वरखाली होणारी कप्पी, आणि सगळ्या कप्प्यांवरून गेलेली एकच तार, टोकाला पेन. सगळी चाकं फिरवली की तार आपोआप बेरीज करते आणि पेन कागदावर भरतीची रेघ काढतो. मी त्याचं चित्र आमच्या एका जुन्या जॉबरला दाखवलं, ज्यांनी आयुष्यभर मागांवर नक्षीचे जेकार्ड लावले. त्यांनी मोबाईल डोळ्याजवळ धरून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, तार ढिली पडली तर? मला उत्तर नाही देता आलं.

आता ती हवा. मी मगाशी म्हणलो सेन्सर उघडा पडल्यावर आलेख सपाट होता. तो सपाट नव्हता. फेकायच्या आधी ते तुकडे नुसते बघितले तर सकाळच्या ओहोटीचे आणि संध्याकाळच्या ओहोटीचे तुकडे एका उंचीवर नव्हते, संध्याकाळचे थोडे खाली, एक मिलिबारच्या आसपास, मिलिबार म्हणजे डेसिबारचा शंभरावा भाग. आधी वाटलं सेन्सर बिघडला. मग वाचलं की हवेला पण भरती-ओहोटी असते. आणि हवा काय, सोलापुरात आहेच की!

माझ्या जुन्या फोनमध्ये दाबमापक आहे. तो चार्जिंगला लावून कपाटावर ठेवला, दर दहा मिनिटांनी नोंद, महिनाभर. आकडे साडेनऊशे मिलिबारच्या थोडे वर, आपण समुद्रापासून साडेचारशे मीटरच्या वर आहोत म्हणून. बाराव्या दिवशी अचानक पाऊण मिलिबारची पायरी, आणि तिथून पुढे सगळं खाली. वादळ आलं का काय म्हणून मी बघतोय, तर आईने कपाट पुसायला काढलेलं आणि फोन वरच्या मजल्यावरच्या खोलीत नेऊन ठेवलेला. दोन जिने, सहा-सात मीटर, पाऊण मिलिबार, बरोबर बसतं. ते तेवढं मिळवून घेतलं. वेळेचं या वेळी तीनदा तपासलं.

तोच यूटाईड, पाण्याच्या जागी हवा. सकाळी दहाच्या सुमाराला दाब सगळ्यात जास्त, दुपारी चारला सगळ्यात कमी, रात्री दहाला परत वर, पहाटे चारला परत थोडा खाली. रोज. एस-टू एक मिलिबारच्या आसपास. आणि एम-टू, समुद्रातला तो राजा, चंद्राचा सव्वा मीटरवाला? नाहीच. म्हणजे असतो म्हणतात, अगदी बारीक, पण माझ्या फोनच्या खरखरीत तो शोधायचा म्हणजे गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत हरवलेली चप्पल. कारण हवा चंद्राच्या ओढीने फारशी हलत नाही, सूर्य ती तापवतो, वरच्या ओझोनला आणि खालच्या बाष्पाला, आणि त्या तापण्याने ती दिवसातून दोनदा डुलते. पाण्यात चंद्र मोठा, हवेत सूर्य मोठा. आणि सूर्याच्या बाबतीत सोलापूर कुणाला ऐकणार नाही, एप्रिलमध्ये येऊन बघा.

दादाला तो आलेख पाठवला, म्हणलं तुझ्या सेन्सरमध्ये ही हवेची लाट शिरलेली आहे, मी दिवसभर एकच सरासरी दाब वजा केलेला, त्यामुळे एस-टूमध्ये एखाद सेंटीमीटरची गडबड असणार, जेट्टीवर एक दाबमापक उघडा पण ठेव. तो म्हणाला एक सेंटीमीटरने बार्ज बुडत नाही. बरोबर आहे त्याचं. पण ठेवलाय त्याने, ऑफिसच्या कंटेनरमध्ये, पंख्यापासून लांब.

आईला तो फोन आता भजनाच्या ग्रुपसाठी पाहिजे आहे. मी सहा महिने मागितलेत, के-टूसाठी. ती म्हणते के-टू कोण.